वास्तू, वस्तू आणि वारस

रायपूरला एका सत्रासाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून येण्याचे निमंत्रण मी स्वीकारले, त्याच महिन्यात नागपूरच्या महाल भागातील आमच्या वाड्याचा व्यवहार पुरा झाला. चार पिढ्यांचे घर होते. पडवीतले सागवानी खांब एका व्यापाऱ्याने वाडा पाडण्यापूर्वीच नगावर विकत घेतले. शहराबाहेरच्या एका उपाहारगृहाच्या दर्शनी भागात ते उभे राहणार आहेत, असे त्यानेच कौतुकाने सांगितले. देवघरातले टाक थोरल्या काकूंकडे गेले, तांब्याची घंगाळी धाकट्या भावाकडे. वाटणी शांतपणे झाली. कोणाचा आवाज चढला नाही. शेवटी दादाने मला विचारले, "तुला काय हवं?" मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "माळ्यावरचे ते जुने रुमाल तू घेऊन जा. घरात इतकं शिकलेलं दुसरं कोण आहे? तुलाच वाचता येतील ते."

रुमाल म्हणजे जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी. ती दोन होती. कागद मोडी लिपीत होते आणि मला मोडी येत नाही, हे दादाला ठाऊक नव्हते. तौलनिक साहित्य हा माझा विषय. फ्रेंच आणि जर्मन मी कामापुरत्या शिकले आहे. विश्वसाहित्याच्या कल्पनेवर तासभर बोलू शकते. पण पणजोबांच्या आजोबांनी बोरूने लिहिलेली एक ओळ मला लागत नाही. दादाला हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. मी रुमाल उचलले आणि रायपूरला येताना त्यांतला एक बरोबर आणला. येथील एखाद्या संग्रहाच्या स्वाधीन तो करावा आणि मोकळे व्हावे, असा विचार होता.

रायपूरच का, याला थोडे कारण आहे. आमचे कोणी पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडच्या सुभ्यात लेखनिक होते, एवढी कथा घरात चालत आलेली आहे. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे हैहयवंशी राज्य भोसल्यांच्या सत्तेखाली आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार केला. त्यांच्यामागे सुभेदारी आली. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने आपले ठाणे रतनपुराहून रायपूरला हलविले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा अध्याय संपला. शंभर-सव्वाशे वर्षे या प्रदेशाच्या दप्तरात मराठी भाषा आणि मोडी लिपी होती. तेव्हा कागद जिथले, तिथे ते परत जावेत यात काही औचित्य आहे, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. ती समजूत या सत्रात हळूहळू कशी ढिली पडली, तेच येथे सांगावयाचे आहे.

पहिल्याच रविवारी मी महंत घासीदास स्मारक संग्रहालय पाहावयास गेले. नावाने फसगत होऊ नये म्हणून एक खुलासा करावा लागतो. सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास वेगळे आणि हे घासीदास वेगळे. हे राजनांदगाव संस्थानचे अधिपती. त्यांनी १८७५ साली रायपुरात सार्वजनिक संग्रहालयाची स्थापना केली. नागपूरचे संग्रहालय, ज्याला आम्ही नागपूरकर लहानपणापासून 'अजब बंगला' म्हणत आलो, ते १८६३ सालचे. म्हणजे अवघ्या बारा वर्षांनी, नागपूरहून कितीतरी लहान अशा या गावात, एका संस्थानिकाच्या देणगीतून दुसरा अजब बंगला उभा राहिला. ती मूळची वास्तू आठ कोनांची आहे. शहराच्या मध्यवर्ती भागात ती अजूनही उभी असून पुढील काळात कलावीथिका म्हणून उपयोगात आली. संग्रह वाढला तेव्हा राजनांदगावच्या राणी ज्योतिदेवी आणि त्यांचे पुत्र दिग्विजयदास यांच्या दानातून नवी इमारत झाली आणि १९५३ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

मी त्या अष्टकोनापुढे बराच वेळ उभी राहिले. आठ बाजूंच्या घराला पाठ अशी नसते. राजवाड्याला दर्शनी बाजू असते, मागचा दरवाजा असतो, जनानखाना असतो. कोण कुठून आत यावे हे तो वाडा ठरवतो. अष्टकोन कुठूनही सारखाच दिसतो. अर्थात वास्तूकडे पाहून बांधणाऱ्याचे मन वाचण्याचा मोह आम्हा साहित्याच्या माणसांना फार असतो, आणि तो आवरावा हेच बरे. तरीही मला त्या क्षणी आठवण झाली ती एका अगदी वेगळ्या घराची.

संशोधनाच्या काळात काही महिने मी इंग्लंडमध्ये होते, तेव्हा डर्बीशायरमधील केडल्स्टन हॉल पाहण्याचा योग आला. सर नॅथनिएल कर्झन यांनी १७५९ मध्ये ते बांधावयास घेतले. रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराने त्याला आजचे रूप दिले. दक्षिणेकडील दर्शनी भाग रोममधील कॉन्स्टंटाईनच्या विजयकमानीवरून घेतलेला आहे. आत शिरताच वीस उंच स्तंभांचे भव्य दालन लागते. स्तंभ अलाबास्टर दगडाचे, आणि भिंतींतील कोनाड्यांत ग्रीक-रोमन देवदेवता उभ्या. जवळ जाऊन पाहिले तर त्या मूर्ती प्लास्टरच्या आहेत: मूळ शिल्पांवरून घेतलेले ठसे. श्रीमंत सरदाराच्या घरीही देव उसनेच होते, याची मला तेव्हा गंमत वाटली होती. पण त्याहून मनात राहिली ती दुसरी गोष्ट. या घराच्या भोवती रम्य उपवन हवे म्हणून तेथले खेडे उठवून दूर वसविण्यात आले. जुने चर्च तेवढे घराला चिकटून राहिले. दृश्य मोकळे व्हावे म्हणून माणसे हलविली गेली.

हे घर आपल्याला परके नाही. कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाउस, जे १८०३ मध्ये पुरे झाले, ते केडल्स्टनच्या आराखड्यावरूनच रचलेले. पुढे याच कुळातील, याच घरात जन्मलेले लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन त्या कलकत्त्याच्या प्रासादात राहावयास आले. १९०४ चा प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचे एक दालन केडल्स्टनमध्ये आहे तेही त्यांच्याच नावाचे. एका हाताने रक्षण आणि दुसऱ्या हाताने संचय, हा त्या काळाच्या संग्राहकाचा नित्याचा रिवाज होता.

अशा घरांची मुळे इंग्लंडच्या वारसाहक्कात आहेत. थोरल्या मुलाकडे जमीन, घर, चित्रे, ग्रंथ सारे एकसंध जावयाचे. धाकट्यांनी सैन्यात, धर्मपीठात किंवा हिंदुस्थानात नशीब काढावयाचे. त्यामुळे संग्रह फुटत नसे. आजोबाने इटलीहून आणलेले चित्र नातवाच्या भिंतीवर त्याच खिळ्याला राही. घर म्हणजे कुळाचे नाव दगडात कोरण्याची युक्ती. विसाव्या शतकात करांचा बोजा वाढला, घरे सांभाळणे अशक्य झाले, आणि केडल्स्टनही १९८७ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेले. तोपर्यंत मात्र त्या घराने आपले उत्तर बदलले नाही: वस्तू कोणाच्या? घराच्या. घर कोणाचे? थोरल्या मुलाचे.

आता राजनांदगावकडे पाहावे. या घराण्याचे मूळ पुरुष प्रह्लाददास, पंजाबातून शालींचा व्यापार करीत आलेले वैष्णव बैरागी. त्यांच्या परंपरेतील महंतांचा बिंबाजी भोसल्यांच्या दरबारात गुरू म्हणून प्रवेश झाला. काही गावे देणगीने मिळाली, काही कर्जाच्या तारणातून हाती आली, आणि पाहता पाहता मठाचे संस्थान झाले. महंत ब्रह्मचारी. त्यांना पुत्र नाही, म्हणून गादी गुरूकडून शिष्याकडे जावयाची. गादीवर बसावयाचे तर रक्ताचे नाते नव्हे, दीक्षेचे नाते लागे. घासीदासांना १८६५ मध्ये इंग्रजांनी संस्थानिक म्हणून मान्यता दिली, आणि त्यांच्याच काळात ही रीत बदलली. १८८३ मध्ये त्यांच्यामागे गादीवर आले ते शिष्य नव्हे, त्यांचे पुत्र बलरामदास.

संग्रहालयाचे साल १८७५ आहे हे लक्षात घेतले म्हणजे हा योगायोग मला विलक्षण बोलका वाटतो. शिष्याचा वारसा संपत होता, पुत्राचा सुरू होत होता. नेमक्या त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने एक तिसरा वारस नेमला. तो म्हणजे रस्त्याने जाणारा कोणीही. आणि ते घर त्याने स्वतःच्या राजधानीत बांधले नाही, रायपुरात बांधले, जिथे त्याची गादी नव्हती.

हे लिहिताना मी सावध आहे. संस्थानिकांच्या दानशूरपणाची स्तुती करण्याची एक सोपी रीत आपल्याकडे आहे आणि ती फारशी विश्वासार्ह नाही. दान राजाचे असले तरी पैसा रयतेच्या साऱ्याचा होता. शिवाय इंग्रज अधिकाऱ्यांच्या मर्जीत राहण्यासाठी दवाखाने, शाळा, संग्रहालये बांधण्याची त्या काळात चालच होती. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. छत्तीसगडच्या या टापूत पुढच्या शंभर वर्षांत घरे रिकामी करून देण्याची एक मालिकाच झालेली दिसते, आणि तिचा खुलासा केवळ मर्जीने होत नाही.

खैरागडचे उदाहरण घ्यावे. राजा बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची कन्या इंदिरा लहानपणी वारली. तिच्या नावाने त्यांनी आपला राजवाडा संगीत आणि कलांच्या विद्यापीठाला देऊन टाकला. १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय तेथे सुरू झाले. एका शनिवारी मी तेथे गेले होते. खासगी दालनांतून तानपुऱ्यांचे स्वर येत होते. मजल्याच्या दोन खोल्यांत दोन वेगळे राग चालले होते आणि मधल्या सज्जात दोन्ही मिसळत होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची मला तेथे आठवण झाली. दिनकर केळकर म्हणजे आपले कवी अज्ञातवासी. संस्थान नाही, जहागीर नाही. चष्म्याचे दुकान आणि कवितेचे वेड एवढ्या भांडवलावर त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलुपे, दौती, वेण्या विंचरावयाच्या फण्या गावोगाव हिंडून जमविल्या आणि लहानपणी गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. १९७५ मध्ये तो त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. केळकर आणि खैरागडचे राजे यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर. परंतु दोन्ही ठिकाणी मुलाची जागा लोकांनी भरून काढावी असेच मागणे आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचे तसे नव्हते. त्यांना पुत्र होते. तरीही १९३८ मध्ये त्यांनी औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उघडले, आणि पुढल्याच वर्षी राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपविणारी घटना मान्य केली. कोनाड्यातले चित्र आणि खजिन्याची किल्ली या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच सुमारास सोडल्या, हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही.

राजनांदगावचा राजवाडाही असाच महाविद्यालयाला मिळाला. १९५७ मध्ये दिग्विजय महाविद्यालय तेथे सुरू झाले, आणि १९५८ मध्ये गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे प्राध्यापक म्हणून तेथे आले. राजवाड्याच्या आवारातल्याच जुन्या भागात, तळ्यांच्या शेजारी, त्यांचे बिऱ्हाड होते. मातृभाषा मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरात, ते मराठीत लिहिणारे. तौलनिक साहित्याचा अभ्यासक एवढ्या एका कुटुंबावर आयुष्य काढू शकेल. १९६४ मध्ये मुक्तिबोध गेले आणि त्याच वर्षी त्यांचा कवितासंग्रह निघाला. आज त्यांच्या राहत्या जागेत स्मारक-संग्रह आहे. तेथला गोल जिना पाहण्यास लोक येतात, कारण तो त्यांच्या कवितेत शिरला आहे. मी त्या जिन्याच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात आले, की हे घर राजाने बांधले खरे, पण त्याला अर्थ दिला तो भाड्याच्या बिऱ्हाडात राहिलेल्या, कायम पैशांच्या विवंचनेत असलेल्या एका मास्तराने. घर ज्याने बांधले त्याचे, की ज्याने वाचले त्याचे?

हा प्रश्न मला रायपूरला परत आल्यावरही सोडीना. एका सकाळी मी दूधाधारी मठात गेले. केवळ दुधावर राहणाऱ्या बलभद्रदास महंतांवरून मठाला हे नाव पडले असे सांगतात. भोसल्यांचा या मठाशी ऋणानुबंध होता, आणि मंदिराच्या भिंतींत महानदीकाठच्या सिरपूरहून आणलेले कोरीव दगड बसविलेले आहेत. सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. सातव्या शतकात महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने दिवंगत पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ बांधविलेले विटांचे विष्णुमंदिर तेथे आजही उभे आहे. तेथली इतर देवळे पडली, आणि त्यांचे दगड जिथे देऊळ चालते होते तिथे गेले. तेथे ते पुन्हा देऊळ झाले. त्यांच्यावर शतकाची पाटी नाही, क्रमांक नाही. येणारा भाविक त्यांना हात लावून कपाळी लावतो. संग्रहालयात ज्याला हात लावू नये असे लिहिलेले असते, त्याच काळचा दगड येथे दररोज शेकडो हातांनी गुळगुळीत होतो आहे. पुरातत्त्वज्ञाचा जीव हे पाहून कळवळेल, आणि त्याचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण मठातला तो दगड अनाथ नाही, एवढे मात्र खरे.

याच्या उलट टोकाला सिरपूरच्या धातुमूर्ती. १९३९ मध्ये तेथे बौद्ध मूर्तींचा मोठा साठा अचानक हाती लागला. काही रायपूरच्या संग्रहालयात आल्या. त्यांचे घडणीचे लाघव पाहून मन थक्क होते. काही हातोहात पांगल्या. त्यांतली एक अपूर्व तारा आज अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. ती तेथे सुरक्षित आहे, जगभरच्या ग्रंथांत तिची छायाचित्रे आहेत. पुढे १९५३ पासून डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सिरपूरला उत्खनन केले, भिक्षू आनंदप्रभू याचा विहार उजेडात आला आणि ज्या जगात अशा मूर्ती पूजिल्या जात ते जग निदान ओसरी-ओट्यांसह डोळ्यांपुढे उभे राहिले. तारा मात्र त्या जगाबाहेरच राहिली. संग्रहाने वस्तू वाचते आणि तिचे घर जाते. हा सौदा प्रत्येक संग्राहक करतो, केडल्स्टनचा कर्झन असो की पुण्याचा कवी. फरक एवढाच, की त्याला त्या सौद्याची टोचणी लागते की नाही.

माझी टोचणी जुनी आहे. आमच्या घरी खरे तर तीन रुमाल होते. आजोबांनी त्यांतला एक फार वर्षांपूर्वी एका संस्थेला सांभाळावयास दिला होता. पोच म्हणून दोन ओळींची पावतीही होती. पुढे ते चौकशीस गेले तेव्हा नोंद सापडली, रुमाल सापडला नाही. संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तेथील माणसे सज्जन होती आणि जागा अपुरी होती. आजोबा घरी आले आणि एवढेच म्हणाले, "द्यायच्या आधी मी त्याची नक्कल करून ठेवायला हवी होती. मला मोडी येत होतं. तुम्हाला कोणाला येणार नाही." आम्हा भावंडांना तेव्हा त्या वाक्यातला शेवटचा भाग ऐकूच आला नाही.

हे वाक्य मला पुन्हा आठवले ते महंत घासीदास संग्रहालयातच, किरारीच्या लाकडी खांबापुढे. १९२१ साली उन्हाळ्यात किरारी गावचे हिराबांध नावाचे तळे आटले आणि चिखलातून बिजासालाचा एक खांब निघाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. अठराशे वर्षे पाण्याने आणि चिखलाने तो सांभाळला होता. बाहेर ऊन लागताच लाकूड वाळले, तडकले, आणि अक्षरांचे टवके उडू लागले. गावात पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय होते. त्यांनी अक्षरे जशी दिसली तशी बघून कागदावर उतरून घेतली. पुढे तज्ज्ञांपर्यंत खांब पोहोचला तोवर बरीचशी अक्षरे गेलेली होती. आज त्या लेखाचा जो पाठ आपण वाचतो तो मोठ्या अंशी त्या नकलेवर उभा आहे.

आणि त्या लेखात आहे तरी काय? राजाची प्रशस्ती नाही, दानाचे पुण्य नाही. अधिकाऱ्यांची एक यादी आहे: सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, हत्तीवरचे, घोड्यावरचे, स्वयंपाकघरावरचा महानसिक, पत्रे नेणारा लेखहारक. एका विस्मृत राज्याचा दरबार त्या खांबावर हारीने उभा आहे. खांब संग्रहालयाने वाचवला, यात शंका नाही. संग्रहालय नसते तर तो सरपणात गेला असता. पण शब्द वाचवले ते एका नकलेने. संग्रहाला घर लागते, दाता लागतो, छप्पर लागते, आणि यांशिवाय आणखी एक माणूस लागतो, जो वस्तूसमोर बसून ती उतरून घेतो. तो नसेल तर अष्टकोन बांधा की संगमरवरी स्तंभ उभारा, आतली वस्तू हळूहळू मुकी होत जाते. मी गेले तीन महिने दात्यांचा विचार करीत होते. स्वतः देणारी होणार होते. मला वाटत होते, की देऊन टाकणे हाच घराच्या प्रश्नावरचा उदार मार्ग आहे. पण घासीदासांनी दिले ते त्यांना वाचता न येणारे म्हणून नव्हे. मला मात्र रुमाल नकोसा झाला होता तो नेमका त्याच कारणाने. माझे देणे हे औदार्य नव्हते, ती एक सभ्य सुटका होती.

रायपुरात मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यापैकी एक वृद्ध गृहस्थ मोडी वाचतात असे कळले. मी रुमाल घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी गाठ सोडली, कागद उन्हाकडे धरला आणि भिंग लावून बराच वेळ पाहिले. मी एखाद्या राजकारणाची, निदान एखाद्या लढाईची अपेक्षा करीत होते. "यादी आहे, बाई," ते म्हणाले, आणि सावकाश वाचू लागले. कोणा कामगाराच्या बदलीनंतर घरातले सामान मोजून घेतले होते. समया दोन, पैकी एक मोडकी. दुलई एक. तांबे तीन. बोरू, सुपारी कातरावयाचा अडकित्ता, देवांचा संपुष्ट. चौथ्या ओळीतला एक शब्द त्यांना लागला नाही, त्यांनी तो तीनदा पाहिला, मग भिंग माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "तुम्ही पाहा बरं. तुमच्या घरचा हात आहे."

घरचा हात! मला त्या वळणांत काही दिसले नाही, पण भिंग मी परत केले नाही. त्या दिवसापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते. मोडीचे वळण हात न उचलता चालते, आणि माझा हात देवनागरीच्या सवयीने प्रत्येक अक्षराशी थांबतो. ते हसतात आणि पुन्हा लिहावयास लावतात. 'समया दोन' आता मला कोणी न सांगता वाचता येते. विद्यापीठातील दोन विद्यार्थीही बरोबर येऊ लागले आहेत. एक छत्तीसगडी घरातला, एक ओडिया. त्यांच्या घरीही रुमाल असतीलच, कोणत्या तरी लिपीत.

सत्र संपावयास पाच आठवडे आहेत. तेवढ्यात साठ-सत्तर बंदांपैकी वीस-बावीस उतरून होतील असा अंदाज आहे. उरलेले मी नागपूरला बरोबर नेईन. सगळ्यांची नक्कल हातची झाली म्हणजे मूळ कागद संग्रहाला द्यावयाचे, हे ठरलेलेच आहे. ते माझ्या कपाटापेक्षा तेथेच नीट राहतील. दादाचा परवा फोन आला होता. वाड्याच्या जागेवर पाया खणला म्हणाला, आणि विचारले, "रुमाल वाचलेस का?"

"वाचते आहे," मी म्हणाले. "चौथ्या ओळीत अडकले आहे."